कामवाली ताई टिकावी असं वाटत असेल तर आधी गेटवरचे नियम बदला: सोसायट्यांच्या मॅनेजिंग कमिट्यांना खुलं पत्र

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या हाऊसिंग सोसायट्यांच्या मॅनेजिंग कमिट्यांना, चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार मंडळींना नमस्कार.

मी वाकडला राहते. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत नोकरी करतो, मुलगा पहिलीत आहे, मुलगी दीड वर्षाची आहे, सासूसासरे गावी असतात आणि माझे आईबाबा कोल्हापूरला, त्यामुळे आमचं घर चालतं ते दोन ताईंच्या जिवावर. एक ताई स्वयंपाक आणि भांडी करतात, दुसऱ्या मुलीला सांभाळतात. ही काही आमच्या एकट्याची गोष्ट नाही, बाणेर, बालेवाडी, वाकड, रावेत, खराडी, कुठल्याही टॉवरमध्ये बघा, दर मजल्यावर असं एखादं तरी घर आहेच.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखा मेसेज येतो की मेड पाहिजे, अर्जंट, रिलाएबल हवी, वेळ सकाळी ८ ते ९. खाली लगेच बाकीचे लिहितात मलापण हवीये, नंबर मिळाला तर मलाही पाठवा. आणि मग कुणीतरी लिहितंच की हल्ली चांगल्या बायका मिळत नाहीत, सगळ्या माजल्यात. हे वाचलं की मला रागही येतो आणि वाईटही वाटतं, कारण ज्या बाईबद्दल हे लिहिलंय ती त्याच वेळी आपल्या गेटवर उन्हात किंवा पावसात एंट्रीसाठी उभी असते आणि तिला तिथे उशीर होतोय हे कुणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरवशाची बाई नशिबाने मिळते हा समज सोडून द्या. वेळ, पगार, सुट्टी आणि बदली (म्हणजे एक आली नाही तर तिच्या जागी दुसरी) या चार गोष्टी धड बसवल्या की माणूस टिकतो. त्यातलं थोडं प्रत्येक घराच्या हातात आहे पण बरंचसं सोसायटीच्या हातात आहे, म्हणून हे पत्र सभासदांना न लिहिता कमिट्यांना लिहितेय.

आधी वेळेचं सांगते. सगळ्यांना बाई एकाच वेळी हवी असते, सकाळी ७ ते साडेनऊ. पूर्वी लहान मुलांच्या शाळा सकाळी सातला भरायच्या, आता फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी आदेशानंतर चौथीपर्यंतचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरतात. मुलांच्या झोपेसाठी हा निर्णय चांगलाच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही, पण कंपनीची बस सव्वाआठला येते आणि शाळेची व्हॅन पावणेनऊला, मग मधल्या अर्ध्या तासात मुलाचं काय करायचं? त्या अर्ध्या तासासाठी माणूस लागतो आणि पुन्हा दुपारी शाळा सुटल्यापासून संध्याकाळी आपण घरी येईपर्यंत लागतो. म्हणजे मदत हवी ती तुकड्या तुकड्यात, आणि ज्या बाईला पोट भरायचंय तिला तुकडे परवडत नाहीत. तिला सलग सहा-सात तासांचं काम हवं असतं, म्हणून ती पाच घरं धरते, आणि त्या पाचही घरांना ती आठ वाजता हवी असते. यात कुणीही खोटं वागत नाहीये तरी रोज कुणाला तरी फसवल्यासारखं वाटतं.

आता तिची सकाळ बघा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. आपल्या सोसायटीला टँकर येतो, वर टाकी आहे, आपल्याला कळतसुद्धा नाही. काळेवाडी, थेरगावच्या चाळीत किंवा वस्तीत जिच्याकडे टाकी नाही तिला पाणी येईल त्या वेळी घरी थांबून भरावंच लागतं, नाहीतर दोन दिवस घरात पाणी नाही. त्या दिवशी ती वीस मिनिटं उशिरा येते आणि आपण म्हणतो की हिला वेळेची किंमत नाही. जून २०२५ मध्ये पीएमपीचा, म्हणजे इथल्या सिटी बसचा, महिन्याचा पास ९०० वरून १,५०० झाला, ज्या ताई लांबून बसने येतात त्यांच्यासाठी हे जवळपास एका छोट्या घराच्या भांड्यांचे पैसे आहेत. कुणाच्या घरी पगार वाढवताना हा विषय निघाला का? आमच्या ग्रुपवर तरी निघाला नाही, उलट पार्किंगच्या चार्जेसवर तीन दिवस चर्चा चालली.

आणि आता बदलीबद्दल, जी मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. या बायकांची आपापसातली एक फार चांगली पद्धत आधीपासून आहे, आपल्याला ती उभी करावी लागलेली नाही. एक आजारी पडली, गावाला गेली, कुणाचं लग्न निघालं की ती जावेला, बहिणीला नाहीतर शेजारणीला बदलीवर पाठवते, त्या दिवसांचे पैसे त्या दोघी आपसात बघून घेतात, आणि आपलं काम अडत नाही. वर्षानुवर्षं हे चालत आलंय. हे बंद कुणी पाडलं तर आपल्या गेटच्या नियमांनी. बदलीवर आलेल्या बाईचा फोटो गेटवरची ये-जा नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर नसतो, पास नसतो, गार्ड तिला आत सोडत नाही, ती घरी फोन लावते तर घरातलं माणूस मीटिंगमध्ये असतं, पंधरा मिनिटं उभी राहून ती निघून जाते. दुसऱ्यांदा बोलावलं तर ती येत नाही, आणि का यावं? मग ग्रुपवर मेसेज, बाई न सांगता गायब. अहो सांगून, बदली देऊन गेली होती, आपणच परत पाठवली!

सुरक्षा नको असं माझं म्हणणं नाही. माझी मुलं घरात असतात, मलाही गेटवर कोण येतंय ते कळायला हवंच आहे. पण बदलीवाल्या बाईचा पास आधीच करून ठेवता येतो ना. प्रत्येक ताईने आपल्या दोन बदल्यांची नावं, आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो ऑफिसमध्ये द्यायचा, पोलीस व्हेरिफिकेशन तिघींचं एकदमच करायचं, अ‍ॅपवर तिघींची नोंद एका कामाखाली ठेवायची. सोसायटीच्या मॅनेजरचं एका दिवसाचं काम आहे हे. ओरिजिनल आधार कार्ड मात्र ठेवून घेऊ नका, काही सोसायट्यांच्या ऑफिसात असं ड्रॉवरमध्ये ठेवलेलं ऐकलंय, ते कार्ड तिला रेशनला, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत लागतं.

अ‍ॅपवर आपण बायकांना स्टार देतो, पण बाईला घराबद्दल काही लिहिता येत नाही. एखाद्याने रागाच्या भरात एक स्टार दिला, खाली लिहिलं की उद्धट आहे, तर तिचं सगळ्या टॉवर्समधलं काम जातं आणि तिला कळतही नाही का गेलं. कमिटीने निदान एवढं करावं की वाईट शेरा पडला तर त्या ताईला ऑफिसमध्ये बोलावून तो वाचून दाखवायचा, तिचं ऐकून घ्यायचं, आणि पटलं नाही तर तो शेरा काढून टाकायचा.

आता पगार. अनेक सोसायट्यांच्या ग्रुपवर असे मेसेज फिरतात की या कामाला इतकेच द्या, जास्त देऊन रेट बिघडवू नका. कमिटीतली जबाबदार माणसंही त्याखाली थम्स-अप टाकून मोकळी होतात, मी बघितलंय. माझी कळकळीची विनंती आहे की कमिटीने यात पडू नये. आपण कंपनीत ऑफर लेटर घेऊन दुसरीकडे जातो तेव्हा कुणी रेट बिघडवला म्हणत नाही. आणि हे शहर काही या बाबतीत नवं नाही, १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ आणि आजारपणाची भरपगारी रजा याच मागण्या होत्या, त्यातूनच पुण्यात मोलकरणींची संघटना उभी राहिली. इतक्या वर्षांनी आजारपणाची रजा मागितली की आजही आपल्या भुवया वर जातात.

हिशोब एकदा बसून करावा असं वाटतं. समजा एखादी ताई रोज तीन तास आणि महिन्याचे २६ दिवस येते, म्हणजे ७८ तास झाले, आणि आपण तिला ६,००० देतो, तर तासाला साधारण ७७ रुपये पडले. ज्याच्या त्याच्या घरी हा भागाकार करून बघा, विशेषतः जिथे मूल सांभाळायला दिलंय तिथे. भांडी-फरशीला कामावर पैसे ठरवणं एकवेळ चालतं, पण मुलाच्या कामाला तासावरच ठरवायला हवं, कारण आपल्याला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उशीर झाला तर ती थांबलेली असते आणि तो पाऊण तास कुणाच्याच हिशोबात धरलेला नसतो. आमच्याकडे आता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर जास्तीच्या वेळेचे पैसे वेगळे लिहितो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तिच्यासमोर, महिनाअखेरीला वाद होत नाही.

खाडे हा दुसरा विषय. महिन्यात दोन खाडे माफ आणि तिसऱ्यापासून पैसे कापायचे असं बरेच जण करतात, आणि त्यात तिला ताप आला तरी तेच. माझ्या मते आठवड्याची एक सुट्टी ठरलेली हवी, शिवाय आजारपणाच्या काही भरपगारी सुट्ट्या हव्यात, दिवाळीला एक पगार बोनस तर पुण्यात बऱ्याच घरी देतातच. पण सगळ्यात जास्त अन्याय मला वाटतो तो सुट्टीत आपण गावाला जातो तेव्हाचा. मे महिन्यात आपण पंधरा दिवस बाहेर गेलो आणि ते पैसे कापले. ती तर यायला तयार होती, कुलूप आपण लावलं! मग परत येतो तर तिने दुसरं घर धरलेलं असतं आणि आपण म्हणतो विश्वासघात केला. जूनमध्ये किती घरांना नवी बाई शोधावी लागते ते कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर जाऊन बघा.

मुलांच्या बाबतीत मला थोडं सविस्तर सांगायचंय कारण इथे चूक परवडत नाही. मूल सांभाळणं आणि घरकाम ही दोन वेगळी कामं आहेत. दीड वर्षाचं मूल जागं असताना त्या ताईला भांडी घासायला, कपडे वाळत घालायला लावायचं म्हणजे त्या दहा मिनिटांत मूल बाथरूमच्या बादलीपाशी, गॅलरीत, गॅसपाशी कुठेही जाऊ शकतं. मूल झोपल्यावर त्याचे कपडे घड्या घालणं, त्याची बाटली उकळणं, त्याची खिचडी टाकणं, एवढंच काम तिचं. बाकीचं दुसऱ्या ताईंना द्या नाहीतर संध्याकाळी आपण करा. पैसे वाचवायला एकीवरच सगळं टाकलं की दोन्ही कामं अर्धवट होतात आणि दोष तिच्या माथी.

नवीन ताईंच्या ताब्यात पहिल्याच दिवशी मूल देऊन ऑफिसला जाऊ नका. पहिला आठवडा घरातलं कुणीतरी थांबावं, वर्क फ्रॉम होम घ्या, आधी एक तास मग दोन तास असं वाढवत न्या, मूल कसं झोपतं, काय खाल्लं की अंगावर पुरळ येतं, रडायला लागलं तर काय केल्यावर शांत होतं हे तिला बघू दे. डॉक्टरांचा, शेजारच्या घराचा आणि आपले दोघांचे नंबर मोठ्या अक्षरात दारामागे लावा. घरात कॅमेरा असेल तर तिला तोंडावर सांगा की कुठे आहे आणि का आहे, लपवून ठेवलेला कॅमेरा तिला कधीतरी दिसतोच आणि मग विश्वास दोन्ही बाजूंनी संपतो. आणि तिला खायला द्या हो. सात तास मुलाला भरवणाऱ्या बाईने स्वतःचा डबा कुठे बसून खायचा हे ठरवलेलं नसतं, स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने खाताना मी पाहिलंय, माझ्या घरी नाही पण पाहिलंय.

तिची स्वतःची मुलं कुठे असतात हेही विचारा. अंगणवाडी दुपारपर्यंतच असते, त्यानंतर तीन-चार वर्षांच्या पोराला कोण बघतं? बऱ्याचदा थोरली मुलगी. आणि आई आपल्याकडे उशिरापर्यंत थांबली की त्या मुलीची दुपारची शाळा बुडते. म्हणजे आपलं मूल सांभाळलं जावं म्हणून तिकडे एका मुलीचं शिक्षण सुटतंय, हे डोक्यात आलं की मला झोप लागत नाही. कुणाच्या घरात एखादी लहान मुलगी बाळाशी खेळायला म्हणून ठेवलेली दिसली तर तिथे कमिटीने गप्प बसू नये, १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि तो गुन्हा आहे, खेळायला ठेवलंय म्हटल्याने काही बदलत नाही.

एजन्सीवाल्यांचा अनुभव बहुतेकांना आहेच, एक महिन्याचा पगार कमिशन म्हणून घेतात, बाई दोन महिन्यांत गेली की फोन उचलत नाहीत, आणि कितीतरी वेळा त्या बाईकडूनही पैसे घेतलेले असतात. आणि आता दहा-पंधरा मिनिटांत बाई पाठवणारी अ‍ॅप आली आहेत, अर्बन कंपनीने मार्च २०२५ मध्ये मुंबईत ४९ रुपये तास अशी सुरुवात केली तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. ताई सुट्टीवर असताना भांडी घासून घ्यायला ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण दीड वर्षाच्या मुलीला रोज नवा चेहरा कसा द्यायचा? तिला तीच ताई हवी असते जिच्या कमरेवर बसून ती दूधवाल्याला टाटा करते.

आता थेट कमिटीच्या हातातल्या गोष्टी. टॉयलेट. आपल्या आवारात सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत काम करणाऱ्या बायका लघवीला कुठे जातात हे कधी विचारलंय का कुणी? बऱ्याच घरांत त्यांना बाथरूम वापरू देत नाहीत, बेसमेंटमध्ये गार्डचं एक टॉयलेट असतं ते पुरुषांचं, कडी नसलेलं. म्हणून त्या पाणीच पित नाहीत. जून काय मे काय, पाणी न पिता आठ तास काम, आणि मग लघवीचे त्रास, अंगात ताप, मग खाडा. क्लबहाऊसमागे एक बायकांचं टॉयलेट आणि बसून डबा खायला पंखा असलेली एक खोली एवढं करायला सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांना) हात लावायची गरज नाही, दिवाळीच्या लाइटिंगच्या खर्चात होऊन जाईल. आणि कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी ही लिफ्टवरची पाटी काढा. सामानाची लिफ्ट वेगळी ठेवा, माणसांची वेगळी ठेवू नका. सकाळी साडेसातला एका सर्व्हिस लिफ्टमध्ये सगळ्या बायका, गार्ड, दूधवाले, पेपरवाले थांबणार, चौदाव्या मजल्यावर पोचायला वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं पाच घरांमध्ये पुढे पुढे सरकत जातात.

नोंदणीचं काम तर कमिटीनेच अंगावर घ्यावं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला कामगार आयुक्त कार्यालयात नोंदणी करता येते, बाळंतपणासाठी मदत, ५५ पूर्ण झाल्यावर सन्मानधन अशा योजना त्यातून मिळतात. कोविडमध्ये २०२१ साली सरकारने घरकामगारांना १,५०० रुपये दिले ते नोंदणी असलेल्यांनाच मिळाले, आपल्या किती ताईंना मिळाले ते विचारून बघा. अडतं कुठे, तर नोंदणीला ज्या घरी काम करते त्या घराचा दाखला लागतो आणि लोक सही करायला घाबरतात, उद्या केस करेल, पीएफ मागेल असं काहीबाही वाटतं. ती तुमच्याकडे काम करते एवढंच त्यात लिहायचं असतं. एका रविवारी क्लबहाऊसमध्ये कॅम्प लावला, फॉर्म भरून घेतले, सह्या तिथेच घेतल्या, ई-श्रमची (असंघटित कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवरची) नोंदणीही तिथेच केली तर एका सकाळी सगळ्या टॉवर्सचं काम होईल. याच टेबलावर एक कागद अजून ठेवा, की कामाच्या जागी कुणी वाईट वागलं, अंगाला हात लावला तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हा कागद लिफ्टमध्येही लावा, मराठीत आणि हिंदीत, सोसायटीच्या लेटरहेडवर. त्याने आपली बदनामी होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी शांतपणे विचार करावा की कुणाची होईल.

वरून कायदा येईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ नंबरचा करार केला, भारताने बाजूने मत दिलं पण अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितलं. होईल तेव्हा होईल. आपल्या आवारात काय चालावं हे ठरवायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आणि शेवटची मागणी, जी माझ्यासारख्या घरांना सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. तुकड्यांचं काम जोडून पूर्ण काम करा. एका विंगमधल्या तीन घरांना दुपारी साडेबारा ते साडेसहा मुलांसाठी कुणीतरी हवंय, प्रत्येक घर वेगळी बाई शोधतंय आणि एकालाही मिळत नाहीये. तिघांनी मिळून दोन ताई ठेवल्या, ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, आणि मुलं एका घरी आलटून पालटून किंवा क्लबहाऊसच्या त्या खोलीत जी दिवसभर कुलूपबंद असते, तर एक ताई आजारी पडली तरी दुसरी असते आणि तिन्ही आया निवांत काम करू शकतात. कंपन्यांना २०१७ पासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करायचा कायदा आहे, पण दीड वर्षाच्या पोरीला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास गाडीत बसवून न्यायचं कुणाला जमतंय? पाळणाघर घराखालीच हवं. त्यात ताईंच्या स्वतःच्या लहान मुलांनाही जागा द्या, माझी मुलगी त्यांच्या मुलाबरोबर खेळली तर मला आनंदच होईल. ज्या आजी-आजोबांना वेळ आहे ते दुपारी तासभर येऊन बसले तर अजून चांगलं, आमच्या विंगमधल्या दोन आजी तर आत्ताच तयार आहेत.

मला माहितीये यावर पहिला प्रश्न चोरीचा येणार, दुसरा जबाबदारी कुणाची हा येणार. चोरीसाठी व्हेरिफिकेशन आहे, गेटवर नोंद आहे, आणि वर्षानुवर्षं टिकलेली बाई दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या अनोळखी बाईपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. जबाबदारीबद्दल म्हणाल तर पगार ज्याचा तो देईल, सोसायटी मालक होत नाही, सोसायटीने फक्त जागा, पास, टॉयलेट आणि कागदपत्रांना मदत एवढंच करायचंय. जिमच्या ट्रेनरला जागा देताना आपण हाच विचार केला होता ना.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणजे अजेंडा ऑगस्टमध्येच ठरतो. त्यात चार ठराव घाला एवढीच विनंती: बदलीच्या ताईंना आगाऊ पास, बायकांसाठी टॉयलेट आणि बसायची खोली, नोंदणीचा कॅम्प, आणि क्लबहाऊसची खोली सहा महिने प्रयोग म्हणून दुपारी मुलांसाठी. मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलाय, कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरींनी मागितला तर देईन. सभेत आमच्या स्वयंपाकाच्या ताईंना पाच मिनिटं बोलायला द्या असं मी आमच्या कमिटीला कळवलंय, त्या तयार आहेत, फक्त सभा संध्याकाळी सहानंतर ठेवा कारण तोपर्यंत त्यांची घरं आटपत नाहीत.

आपली,
वाकडमधली एक सभासद आणि दोन मुलांची आई